मूत्रपिंडाचा निचरा कसा मोजतात?



जमिनीच्या निचऱ्याविषयी तुम्हांला नव्याने काही सांगायला नको. शेतात पाणी साचून राहिले की मुळे कुजतात, पीक पिवळे पडते, आणि वर्षानुवर्षे तसेच चालले तर चांगली काळी जमीनसुद्धा चोपण होऊन बसते. पाणी किती दिले यापेक्षा ते निघून किती गेले, यावर पुष्कळदा जमिनीचे आयुष्य ठरते. आपल्या शरीरातही असाच एक निचरा रात्रंदिवस चाललेला असतो. मूत्रपिंडात तयार झालेली लघवी तेथून खाली मूत्राशयात उतरत असते. हा निचरा अडला तर मूत्रपिंडाचीही गत चोपण जमिनीसारखीच होते. आणि वाईट असे की, बऱ्याच वेळा ती न दुखता, न खुपता होते. हा निचरा ठीक चालला आहे की नाही, हे मोजण्याची एक पद्धत आहे. तिला रेनोग्राम म्हणतात. रुग्णालयात कोणी तिला ‘रीनल स्कॅन’ म्हणते, तर कोणी औषधाच्या नावावरून ‘डीटीपीए स्कॅन’ म्हणते. आज आपण तिचीच माहिती करून घेऊ.

प्रथम मूत्रपिंडाची रचना पाहू. खेड्यात कोणी त्याला गुर्दा म्हणते, शहरात सर्रास किडनी म्हणतात. कमरेच्या थोडे वर, पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना, बरगड्यांच्या खालच्या टोकाशी ही दोन मूत्रपिंडे असतात. आकार घेवड्याच्या दाण्यासारखा, लांबी १० ते १२ सेंटिमीटर. दिसायला लहान, पण काम मोठे. हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्तापैकी साधारण पाचवा हिस्सा यांच्याकडे येतो. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे १० लाख सूक्ष्म गाळण्या असतात. दोन्ही मिळून २४ तासांत सुमारे १८० लिटर पाणी रक्तातून गाळतात. त्यातले जवळजवळ सगळे शरीराला परत दिले जाते आणि उरते ती दीडएक लिटर लघवी.

ही लघवी थेंबाथेंबाने एका नरसाळ्यासारख्या पिशवीत जमा होते. पळसाच्या पानाच्या द्रोणाची आठवण व्हावी असा तिचा आकार असतो. आपण तिला द्रोणच म्हणू. द्रोणाच्या तळापासून एक बारीक नळी निघते, ती मूत्रवाहिनी. ही नळी २५ ते ३० सेंटिमीटर लांब असते. तिची भिंत आवळते आणि सैल पडते, आणि लघवी घोटाघोटाने खाली मूत्राशयात ढकलली जाते.

आता अडचण कोठे येते? एक म्हणजे द्रोण आणि नळी यांच्या सांध्यावर. काही मुलांत हा सांधा जन्मतःच अरुंद असतो, किंवा एखादी रक्तवाहिनी आडवी येऊन त्याला दाबते. दुसरे म्हणजे नळीत खडा अडकतो. अशा वेळी लघवी वर तुंबते, द्रोण फुगतो आणि त्याचा दाब मागे गाळण्यांवर येतो. दाब फार दिवस राहिला की गाळण्या निकामी होतात आणि मूत्रपिंडाचा गर पातळ होत जातो. दुसरे मूत्रपिंड धडधाकट असेल तर ते दोघांचे काम ओढते. त्यामुळे लघवी साफ होते, रक्ताचा तपासही पुष्कळदा ठीक येतो, आणि इकडे एक मूत्रपिंड गुपचूप वाळत जाते.

हल्ली तालुक्याच्या गावी सोनोग्राफी होते. पोटात बाळ असतानाच्या सोनोग्राफीत शंभरात एखाद-दुसऱ्या बाळाचे मूत्रपिंड फुगलेले दिसते. अहवालात ‘हायड्रोनेफ्रोसिस’ असा शब्द येतो. त्याचा अर्थ एवढाच, की मूत्रपिंडाचा द्रोण पाण्याने फुगला आहे. पण तो शब्द वाचून घरात रडारड होते. एक म्हणतो, ताबडतोब ऑपरेशन करा. दुसरा म्हणतो, मूल हसते, खेळते, दूध पिते. कशाला त्याच्या अंगाला सुरी लावता? दोघांची माया खरी आहे, पण दोघेही अंदाजाने बोलत असतात. कारण फुगणे आणि अडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काही द्रोण मुळातच ऐसपैस असतात. फुगलेले दिसतात, पण पाणी व्यवस्थित उतरते. अशा बाळांपैकी बहुतेकांची फूग वयाबरोबर आपोआप ओसरते. थोड्यांचा मात्र सांधा खरोखर अडलेला असतो. त्यांना वेळेवर शस्त्रक्रिया मिळाली नाही तर मूत्रपिंड हातचे जाते. सगळ्यांनाच कापायचे, हे चूक. कोणालाच कापायचे नाही, हेही चूक. मग निवड कशी करायची?

समजा, ओढ्यातल्या एका डोहाचे छायाचित्र कोणी तुमच्यापुढे ठेवले. डोह किती रुंद आहे, पाणी किती आहे, हे दिसते. पण पाणी वाहते आहे की थांबले आहे? ते चित्र सांगणार नाही. त्यासाठी काठावर जाऊन पाण्यात एक पान टाकायचे आणि घड्याळ हातात घेऊन ते पाहायचे. पान पुढे गेले तर पाणी वाहते आहे. जागच्या जागी फिरत राहिले तर पुढे काहीतरी अडले आहे. सोनोग्राफी म्हणजे डोहाचे चित्र, आणि रेनोग्राम म्हणजे पाण्यात टाकलेले पान.

हे पान कसले? तर किरणोत्सारी द्रव्याचे. सजीवांत ही युक्ती प्रथम वापरली गेली ती एका रोपावर. जॉर्ज द हेवेशी नावाचे हंगेरीत जन्मलेले शास्त्रज्ञ होते. १९२३ साली कोपनहेगन येथे त्यांनी शेंगा येणाऱ्या एका रोपाची मुळे किरणोत्सारी शिशाच्या पाण्यात ठेवली आणि मुळांनी किती शिसे घेतले, वर पानांपर्यंत किती पोहोचले, हे मोजून काढले. रोप कापून चाळून ते शिसे डोळ्यांना दिसले नसते. पण किरणांमुळे त्याचा माग लागला. गायीच्या गळ्यात घंटा बांधली की ती झाडीत शिरली तरी कोठे चरते आहे ते कळते, तसाच हा प्रकार. या कामाबद्दल हेवेशींना १९४३ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

मूत्रपिंडासाठी ही युक्ती १९५६ साली अमेरिकेत लॉस एंजेलिस येथे टॅप्लिन, विंटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वापरली. त्या वेळी चित्र निघत नसे. रुग्णाच्या पाठीशी, दोन्ही मूत्रपिंडांवर, दोन मोजणीयंत्रे लावीत आणि कागदावर नुसती एक रेघ उमटे. त्याच वर्षी, ४ ऑगस्ट १९५६ रोजी, आपल्याकडे मुंबईजवळ तुर्भे येथे ‘अप्सरा’ ही भारताची पहिली अणुभट्टी सुरू झाली. अणुभट्टीत वैद्यकाला लागणारी किरणोत्सारी द्रव्ये तयार करता येतात. पुढे १९६३ साली मुंबईत परळ येथे अणुशक्ती खात्याने रेडिएशन मेडिसिन सेंटर उभे केले. अणूचे नाव काढले की आपल्याला बाँब आठवतो. पण हे दुसरे, औषधाचे कामही तेव्हापासून आपल्या दाराशी चालत आले आहे.

आज या तपासणीत बहुतेक ठिकाणी टेक्नेशियम नावाचे मूलद्रव्य वापरतात. १९३७ साली इटलीत पेरिए आणि सेग्रे या दोघांनी ते ओळखले. माणसाने कृत्रिम रीतीने मिळवलेले हे पहिले मूलद्रव्य, म्हणून ‘कृत्रिम’ अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याचे नाव पडले. तपासणीत वापरतात त्या टेक्नेशियमचे अर्धायुष्य ६ तासांचे आहे, म्हणजे दर ६ तासांनी त्याची किरण सोडण्याची शक्ती निम्मी होते. आता तुम्ही विचाराल, इतक्या लवकर विरणारे द्रव्य रुग्णालयात साठवून ठेवतात तरी कसे? येथे शास्त्रज्ञांनी गोठ्यातली अक्कल वापरली आहे. ते टेक्नेशियम साठवत नाहीत. त्याची आई आणून ठेवतात. ती म्हणजे मोलिब्डेनम. तिचे अर्धायुष्य ६६ तासांचे. शिशाच्या जाड भांड्यात ती ठेवलेली असते आणि तिच्यातून टेक्नेशियम सतत तयार होत असते. रोज सकाळी त्या भांड्यातून मिठाचे निर्जंतुक पाणी सोडले की त्याबरोबर तेवढे टेक्नेशियम उतरून येते आणि आई भांड्यातच राहते. प्रयोगशाळेतील लोक या भांड्याला खरोखरच ‘गाय’ म्हणतात आणि या कामाला ‘दूध काढणे’! आठवडाभरात ही गाय जवळजवळ भाकड होते, मग दुसरी मागवतात.

हे टेक्नेशियम एकटे सोडले तर मूत्रपिंडाकडेच जाईल असे नाही. म्हणून त्याला अशा एका औषधाला जोडतात, की जे मूत्रपिंडच रक्तातून उचलून लघवीत टाकते. डीटीपीए, ईसी, मॅग-३ ही त्या औषधांची नावे. डीटीपीए गाळण्यांतून गाळले जाते. बाकीची दोन मुख्यतः मूत्रपिंडातल्या बारीक नलिका रक्तातून ओढून घेऊन बाहेर टाकतात. मूत्रपिंड अशक्त असेल किंवा मूल लहान असेल तर ही दोन अधिक सोयीची पडतात.

शरीरात गेलेल्या या औषधाचे किरण टिपतो तो गॅमा कॅमेरा. तो १९५० नंतरच्या दशकात कॅलिफोर्नियात हॅल अँगर यांनी बनवला. एक गोष्ट येथे नीट ध्यानात घ्या. क्ष-किरणांचे यंत्र अंगावर किरण सोडते. गॅमा कॅमेरा अंगावर काहीच सोडत नाही. अंगातून बाहेर येणारे किरण तो फक्त झेलतो आणि मोजतो.

आता प्रत्यक्ष तपासणी कशी होते ते सांगतो. सहसा उपाशी राहावे लागत नाही. उलट, भरपूर पाणी पिऊन यावे लागते. मोठ्या माणसाला तपासणीच्या आधी अर्धा लिटरभर पाणी पाजतात. मग लघवी करून येऊन टेबलावर उताणे निजायचे. कॅमेरा पाठीखाली असतो, कारण मूत्रपिंडे पाठीकडे असतात. हाताच्या शिरेत एक सुई टोचतात. दुखणे काय ते तेवढेच. त्यानंतर वीस मिनिटे ते अर्धा तास न हलता पडून राहायचे. तान्ह्या बाळाला दूध पाजून, दुपट्यात गुंडाळून ठेवले की पुष्कळदा ते झोपूनच जाते.

इकडे कॅमेरा क्षणाक्षणाला दोन्ही मूत्रपिंडांतील औषध मोजत असतो. त्या मोजणीवरून प्रत्येक मूत्रपिंडाची एक रेघ तयार होते. ती घाटाच्या रस्त्यासारखी असते. पहिल्या अर्ध्या मिनिटात औषध रक्ताबरोबर मूत्रपिंडात येते. रेघ झटकन वर उठते. मग मूत्रपिंड रक्तातून औषध उचलू लागते, हा चढ. निरोगी मूत्रपिंडात तीन ते पाच मिनिटांत माथा येतो. त्यानंतर औषध द्रोणातून नळीत आणि नळीतून मूत्राशयात जाऊ लागते, हा उतार. घाट चढला आणि उतरला, की मूत्रपिंड कामही करते आहे आणि निचराही होतो आहे असे समजावे.

काहींच्या रेघेला मात्र उतारच लागत नाही. ती चढून पठारावर राहते, किंवा चढतच जाते. येथे पुन्हा तोच प्रश्न येतो: वाट अडली आहे, की द्रोण मोठा असल्यामुळे औषध त्यात रेंगाळते आहे? मोठ्या हौदात बारीक धार सोडली, तर मोरी उघडी असली तरी हौदातले गढूळ पाणी बदलायला वेळ लागतोच. मग शेतकरी काय करील? वरून मोटार सुरू करील. जोराचे पाणी आल्यावर मोरी मोकळी असेल तर हौद झपाट्याने निवळेल. मोरी अडलेली असेल तर पाणी तुंबेल. नेमके हेच मूत्रपिंडात करतात. फ्युरोसेमाइड नावाचे, लघवी वाढवणारे औषध शिरेतून देतात. ‘लॅसिक्स’ या नावाने ते पुष्कळांच्या ओळखीचे असेल. थोड्याच मिनिटांत लघवीचा लोंढा येतो. अडथळ्याचा संशय असलेल्या रुग्णांत या पद्धतीचा उपयोग कसा होतो हे इंग्लंडमधील ओ’रायली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ साली मांडले, आणि तेव्हापासून ती जगभर रूढ झाली. हे औषध कोठे सुरुवातीलाच देतात, कोठे २० मिनिटांनी, तर कोठे १५ मिनिटे आधी. पद्धत थोडी निराळी असली तरी हेतू एकच.

लोंढा आल्यावर पठारावर थांबलेली रेघ धडधडा खाली उतरली, तर समजावे की द्रोण फुगलेला आहे, पण वाट मोकळी आहे. लोंढ्यानेही ती हलली नाही, किंवा आणखी चढली, तर वाट अडलेली आहे. थोडीशी उतरून रेंगाळली, तर शंकेला जागा आहे. काही दिवसांनी पुन्हा पाहावे लागते.

अहवालात दोन आकडे मुख्य असतात. पहिला आकडा कामाच्या वाटणीचा. एकूण काम १०० धरले, तर उजव्याने किती केले आणि डाव्याने किती? दोन भावांनी शेत कसावे तशी ही वाटणी. ४५ ते ५५ च्या आत असेल तर वाटणी बरोबरीची. एखाद्याचा वाटा ४० च्या खाली गेला, तर ते मूत्रपिंड मागे पडले आहे असे समजतात. दुसरा आकडा निचऱ्याचा. लोंढ्याचे औषध दिल्यानंतर द्रोणातले किरणोत्सारी द्रव्य निम्मे व्हायला किती मिनिटे लागली? साधारणपणे १० मिनिटांच्या आत असेल तर निचरा चांगला, २० मिनिटांहून अधिक लागत असतील तर अडथळ्याचा संशय बळावतो, आणि मधला आकडा संशयाचा. पण हा दुसरा आकडा वेदवाक्य मानू नये. रेघेचा आकार, वाटणीचा आकडा आणि रुग्ण उठून लघवी करून आल्यावर काढलेले शेवटचे चित्र, हे सगळे मिळून डॉक्टर निर्णय करतात.

असे का, तेही सांगतो. पाटाला पाणीच नसेल तर मोरी अडली आहे की नाही, कसे कळणार? म्हणून पाणी न पिता आलेल्या रुग्णाची तपासणी फसवी ठरू शकते. खालचे शेत तुडुंब भरले असेल तर वरचा चर वाहत नाही. तसे मूत्राशय भरलेले असेल तर मोकळे मूत्रपिंडही अडल्यासारखे दिसते. म्हणून आधी आणि नंतर लघवी करायला लावतात. लहान मुलांना कधी कधी मूत्राशयात बारीक नळीही घालतात. मोटारच जळालेली असेल तर लोंढा येणार कोठून? फार अशक्त मूत्रपिंड लोंढ्याच्या औषधाला दाद देत नाही. आणि नुकत्याच जन्मलेल्या बाळाची मूत्रपिंडे अजून कोवळी असतात, म्हणून घाईचे कारण नसेल तर बाळ सहा आठवड्यांच्या आसपास झाल्यावर ही तपासणी करतात. पाणी पिऊन या, लघवी करून या, हलू नका, या सूचना म्हणूनच महत्त्वाच्या आहेत. तपासणी परत करायची असेल तर शक्यतो त्याच ठिकाणी, त्याच पद्धतीने करावी, म्हणजे आकड्याशी आकडा ताडता येतो.

किरणोत्सारी म्हटले की भीती वाटते, आणि ती वाटावी हे स्वाभाविक आहे. म्हणून हिशेबच पाहू. शिक्षक मंडळींनी तो फळ्यावर मांडावा. सकाळी १० वाजता सुई दिली, तेव्हा शक्ती १६ आणे धरा. ६ तासांनी, दुपारी ४ वाजता, राहिली ८ आणे. रात्री १० वाजता ४ आणे. पहाटे ४ वाजता २ आणे. दुसऱ्या दिवशी सकाळी १० वाजता फक्त १ आणा, म्हणजे सोळावा हिस्सा. हा झाला नुसता काळाचा हिशेब. त्याशिवाय लघवीवाटे औषध बाहेर पडतच असते, त्यामुळे अंगात प्रत्यक्षात याहूनही कमी राहते. किरणांच्या मात्रेचे माप मिलिसीव्हर्ट. या तपासणीत साधारणपणे १ मिलिसीव्हर्टच्या आसपास मात्रा मिळते. आकाशातून, जमिनीतून, हवेतून आणि अन्नातून प्रत्येक माणसाला जी मात्रा मिळत असते, तिची जगाची सरासरी वर्षाला सुमारे २.४ मिलिसीव्हर्ट आहे. लहान मुलांना औषध वजनाच्या मानाने कमी देतात. म्हणून उगाच तपासणी करू नये, पण गरज असेल तर भीतीने टाळूही नये.

पथ्ये थोडीच आहेत. बाई गरोदर असेल, किंवा तशी शंका असेल, तर आधी सांगावे; बहुधा तपासणी पुढे ढकलतात. अंगावर पाजणाऱ्या आईनेही तसे सांगून सल्ला घ्यावा. तपासणीनंतर दिवसभर पाणी जास्त प्यावे, वरचेवर लघवीला जावे, संडासात पाणी ओतावे आणि हात धुवावेत. बाळाची दुपटी बदलल्यावरही हात धुवावेत.

शिक्षक बंधूंना येथे एक सोपा प्रयोग सुचवतो. प्लॅस्टिकच्या दोन सारख्या पारदर्शक बाटल्या घ्या. वरचा निमुळता भाग कापून टाका. तळापासून चार बोटे उंचीवर, बाजूला भोके पाडा. एकीला पेन्सिल जाईल एवढे, दुसरीला दाभणाचे. दोन्हींत भोकापर्यंत पाणी भरा आणि सारखी शाई टाका. आता दोन्हींत वरून थेंबथेंब पाणी सोडा. बराच वेळ दोन्ही निळ्याच दिसतील. कोणाची वाट मोकळी आणि कोणाची अरुंद, हे मुलांना सांगता येणार नाही. मग धार मोठी करा. पहिलीतली शाई पाहता पाहता धुऊन जाईल. दुसरीत पाणी वर चढत जाईल आणि निळेपणा मागे राहील. मुलांच्या हाती घड्याळ द्या आणि रंग निम्मा व्हायला किती वेळ लागतो ते अंदाजाने लिहायला सांगा. रेनोग्रामचे सारे मर्म त्यांना एका तासात समजेल.

आता या सगळ्याचा उपयोग काय होतो? बाळाचे मूत्रपिंड फुगलेले आहे, पण वाटा बरोबरीचा आणि निचरा चांगला आहे, तर डॉक्टर थांबायला सांगतात आणि ठराविक काळाने सोनोग्राफी करतात. हे थांबणे म्हणजे दुर्लक्ष नव्हे. ठरल्या तारखेला जावेच लागते. वाट अडलेली आहे आणि वाटा ४० च्या खाली गेला आहे, किंवा दर तपासणीला घसरतो आहे, तर शस्त्रक्रिया सुचवतात. अरुंद सांधा काढून टाकून द्रोण आणि नळी पुन्हा जोडायची, अशी ती शस्त्रक्रिया. १९४९ साली इंग्लंडमध्ये अँडरसन आणि हाइन्स यांनी दाखवलेल्या रीतीने ती आजही करतात, आणि शंभरात नव्वदांहून अधिक रुग्णांत ती यशस्वी होते. पण वाटा १० च्या खाली गेल्यावर रुग्ण आला, तर वाचवण्यासारखे फारसे उरलेले नसते. म्हणून वेळेला किंमत आहे. आणखी एक गोष्ट. शस्त्रक्रिया चांगली झाली तरी सोनोग्राफीत द्रोण पुढे बरेच दिवस थोडा मोठा दिसू शकतो. तेवढ्याने घाबरून जाऊ नये. पुन्हा रेनोग्राम केला म्हणजे निचरा सुधारला की नाही ते कळते.

मोठ्या माणसांत खड्याचे दुखणे फार. उन्हातान्हात राबणाऱ्यांना घाम जातो, पाणी कमी पडते आणि खडा धरतो. खड्याची कळ जीवघेणी असते, हे ज्याने भोगले त्यालाच ठाऊक. पण कळ थांबली म्हणजे खडा पडला, असे धरून चालू नका. काही वेळा खडा नळीतच अडकून राहतो, दुखणे थांबते आणि मूत्रपिंड तुंबून निकामी होत जाते. औषध कोणाचेही घेतलेले असो, खडा पडला याची सोनोग्राफीने खात्री करून घ्या. मूत्रपिंड फुगलेलेच राहिले असेल, तर त्याच्यात किती काम उरले आहे हे रेनोग्रामने कळू शकते.

आई-बापांनी आणि गुरुजींनी आणखी एवढे पाहावे. एखादे मूल वारंवार एकाच कुशीत दुखते म्हणते, भरपूर पाणी प्याल्यावर त्याला कळ येते, ओकारी होते. किंवा त्याला पुन्हा पुन्हा थंडी वाजून ताप येतो आणि लघवीला जळजळ होते. अशा मुलाला ‘जंत असतील’ किंवा ‘शाळा चुकवतो’ म्हणून सोडून देऊ नका. आधी लघवीचा तपास आणि सोनोग्राफी करा. ती जवळपास होते. तिच्यात द्रोण फुगलेला निघाला तर डॉक्टरांना स्वच्छ विचारा: “हे नुसते फुगले आहे, की अडले आहे? याचा निचरा मोजायला हवा का?” रेनोग्रामची सोय मोठ्या शहरांतील अणुवैद्यक विभागात असते. तेथे जाताना जुने सर्व अहवाल बरोबर न्या आणि झालेला अहवाल जपून ठेवा, कारण पुढच्या वेळी त्याच्याशीच तुलना करायची असते.

निचरा बिघडला आहे हे शेतकऱ्याला पीक वाळण्याआधी कळले, तर चर काढून जमीन वाचवता येते. मूत्रपिंडाचेही तसेच आहे. फुगलेले दिसले म्हणून घाबरायचे नाही, दुखत नाही म्हणून निश्चिंत राहायचे नाही. आधी मोजायचे आणि मग ठरवायचे.